तीन हाडं

“अण्णा, मला तीन हाडं पाहिजेत,” कुंदा म्हणाली.

मी भट्टीतून पावाचा ट्रे ओढत होतो. शाळा सुटली की ती बेकरीच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत यायची नाही, बोलायची नाही. माझं काम संपलं की माझ्या मागं चार पावलं अंतर ठेवून घरी यायची. तिची आई, माझी बायको शालन, जाऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत कुंदानं आपणहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. वही संपली तरी सांगायची नाही, जुन्या वहीच्या समासात लिहीत बसायची. त्यामुळं ती काय मागतेय याच्या आधी ती मागतेय, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

“कसली हाडं?”

“दोन कोंबडीच्या तंगडीची. आणि एक बोकडाची नळी. नळी अख्खी पाहिजे, फोडलेली नको.”

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ती सहावीत होती. हाड कशाचं बनलेलं असतं ते तिला दाखवायचं होतं. तिनं एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. एक हाड आठवडाभर व्हिनेगरात बुडवून ठेवायचं. त्यातला कडक भाग विरघळून जातो आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड जाळायचं. त्यातला चिवट भाग जळून जातो आणि हाडाला हात लागला तरी त्याचा चुरा होतो. मी विचारलं, मग तिसरं कशाला? ती म्हणाली, ते तसंच ठेवायचं, ताडून बघायला.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत चुलीवर मटण-कोंबडी चढत नाही. हाड घरात आणायचं हे मला बरं वाटेना. पण ती दारात उभी होती, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. मी आणतो म्हटलं.

संध्याकाळी इक्बालभाईंच्या दुकानात गेलो. ते आमचे जुने ओळखीचे. त्यांना वाटलं मी खाण्यासाठी मागतोय. त्यांनी नळीवर थोडं मटण ठेवून बांधायला घेतलं आणि म्हणाले, पोरीला रस्सा करून घाला, पार काडी झालीय. मी नुसतं हाड द्या म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. नळी आणि कोंबडीची दोन हाडं सोलून, धुऊन दिली. पैसे घेतले नाहीत.

पोर काडी झाली होती हे खरंच होतं. अर्ध्या भाकरीच्या वर खायची नाही. मी दुसरी अर्धी ताटात टाकली तर ती तशीच ठेवून उठायची. घरात चालायची तीही चवड्यांवर, आवाज न करता. शेजारच्या मावशींच्या सुनेचं तान्हं बाळ पूर्वी तिच्या कडेवरून उतरत नसे. आता बाळानं हात पुढं केला तरी ती मागं सरायची. रात्री माझ्या शेजारी अंथरूण घालायची, पण मध्ये एक माणूस झोपेल एवढी जागा सोडून. त्याच आठवड्यात बेकरीच्या शेठनी मला सांगितलं, तुमची मुलगी मागच्या दारातल्या मैद्याच्या काट्यावर चढून वजन बघते, रोज. मला वाटलं, खेळत असेल.

सासूबाईंचा निरोप आला होता, शनिवारी येते आणि रविवारी पोरीला घेऊन जाते. माझी सासुरवाडी खानापूरकडं. तिथं शाळा सातवीपर्यंतच, पण त्यांचं म्हणणं, पोरगी जगली तर शिकेल. त्यांचं चुकत नव्हतं. मी पहाटे बेकरीत जायचो, दुपारी येऊन दोन घास शिजवायचो, परत जायचो. माझ्याशी न बोलणाऱ्या, न खाणाऱ्या पोरीला मी काय सांभाळणार होतो. पण ती गेली असती तर त्या दोन खोल्यांत मी एकटा राहिलो असतो. हे मी कुणाला बोललो नाही. मनात मात्र धरून होतो, की शनिवारपर्यंत ती दोन भाकरी खायला लागली तर सासूबाईंना नको म्हणता येईल.

व्हिनेगर बेकरीतलंच घेतलं. पावसाळ्यात पाव लवकर खराब होऊ नये म्हणून पिठात घालायला कॅन आणलेला असतो. कुंदानं काचेच्या बरणीत पहिलं हाड ठेवलं आणि ते बुडेपर्यंत व्हिनेगर ओतलं. थोड्या वेळानं हाडाला बारीक बुडबुडे चिकटले. ती बरणीला नाक लावून बसली. घरभर आंबूस वास सुटला. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलायचं होतं. मी विचारलं, जेवतेस का? मान हलवली, पण उठली नाही.

जाळायचं हाड तिनं माझ्याकडं दिलं. घरच्या चुलीत ते नीट जळणार नव्हतं. मंगळवारी दुपारचा माल निघाल्यावर मी ते पत्र्याच्या डबीत घालून भट्टीच्या जाळाच्या तोंडाशी, निखाऱ्यांत सरकवलं. खरं तर भट्टीत असलं काही घालायचं नसतं. शेठना कळलं असतं तर बोलले असते. तासाभरानं चिमट्यानं डबी ओढली आणि उघडली.

आत पांढरं, हलकं, बारीक भेगा पडलेलं काहीतरी होतं. मी चिमटा खाली ठेवला. साडेतीन महिन्यांपूर्वी तिसऱ्या दिवशी सकाळी राखेवर दूध शिंपडून मी असंच एक एक उचलून मडक्यात ठेवलं होतं. बोटांत धरलं की तुटायचं. सोबतचे म्हणाले होते, सगळं वेचत बसू नका, चार घ्या आणि उठा. मी डावा पाय होता त्या बाजूला शोधत राहिलो होतो. का, ते फक्त मला माहीत होतं.

शालनच्या मांडीच्या हाडात आजार होता. सुरुवात छातीत झाली होती. ती गाठ तिनं कुणाला दाखवली नव्हती. मे महिन्यात पाय दुखायला लागला म्हणून मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून मला एकट्याला दाखवलं. हाडात काळे डाग होते, किडलेल्या लाकडात असतात तसे. डॉक्टर म्हणाले, आता फार करण्यासारखं नाही, सांभाळून ठेवा. बाहेर बाकावर शालन बसली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. मी म्हणालो, कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या दिल्यात. आमच्याकडं त्या आजाराचं नाव माणसासमोर घेत नाहीत. नाव घेतलं की माणूस हाय खातं, लवकर जातं, असं आम्ही सगळेच मानत आलो. मी तिला सांगितलं नाही, सासूबाईंना नाही, पोरीला तर नाहीच.

जूनमध्ये ती मोरीत पडली आणि मांडी मोडली. मोडणारच होती. त्यानंतर तीन महिने ती अंथरुणावर होती. हाड जुळेना. का जुळत नाही, ती विचारायची. मी म्हणायचो, कॅल्शियम.

त्यामुळं लोकांच्या लेखी शालन मोरीत पडून गेली. सासूबाईंच्या लेखी तर माझ्या मोरीतल्या शेवाळानं गेली. दहाव्याला सगळ्यांसमोर त्यांनी ते बोलून दाखवलं होतं. मी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून रोज विटेच्या तुकड्यानं मोरी घासत होतो.

जळलेलं हाड मी कापसात गुंडाळून घरी आणलं. कुंदानं त्यावर बोट टेकवलं, टोक चुरून खाली पडलं. तिनं बोटाला लागलेली पांढरी पूड बराच वेळ बघितली. माझ्याकडं बघून म्हणाली, “याला काही वजन लागलंच नाही.”

गुरुवारी तिच्या विज्ञानाच्या बाई बेकरीत टोस्ट घ्यायला आल्या. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, कुंदाला जरा समजवा. आमच्या वर्गात निम्म्या मुली हाडाला हात लावणार नाहीत, मी स्वतः जैन आहे. मी सगळ्यांना सांगितलं होतं, खडू घ्या, खडूही व्हिनेगरात विरघळतो, तेच दिसतं. बाकीच्यांनी ऐकलं. ही म्हणते हाडच पाहिजे. शिवाय रोज तास संपला की मागं थांबून एकच विचारते. मी म्हटलं, काय विचारते? बाई म्हणाल्या, “माणसाचं हाड किती किलोला मोडतं.”

मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं. घरी जाऊन मोरी घासायची होती, पिठलं टाकायचं होतं. मला एवढंच वाटलं, पोरगी आईच्या पडण्याचा विचार करते, करणारच.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई आल्या. पिशवीत शेंगा, गूळ, कुंदासाठी परकराचं कापड. आल्या आल्या मोरी बघितली. कुंदाला जवळ घ्यायला गेल्या, ती दोन पावलं मागं झाली. मग त्यांना फडताळातली बरणी दिसली.

हे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर नाकाला लावला. वर्ष झालं नाही अजून, म्हणाल्या, माझ्या लेकीच्या घरात हाडं लोणच्यागत मुरत ठेवलीत, तुम्हाला काही वाटतं का. कुंदा बरणीपुढं जाऊन उभी राहिली. बरणीला हात लावू देईना. शेवटी सासूबाईंनी तो नाद सोडला, पण मला दम दिला. “जावईबापू, उद्या दुपारच्या गाडीनं मी पोरगी नेणार. आता हितं ठेवली तर ही बी हातची जाईल.”

मी हो म्हणालो. त्या दिवशी कुंदानं चतकोर भाकरी खाल्ली होती.

रविवारी सकाळी मी दहाच्या सुमाराला बेकरीतून आलो. सासूबाई शेजारी निरोप घ्यायला गेल्या होत्या. कुंदाच्या कपड्यांचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. मी चपला काढल्या आणि आत बघितलं.

स्वयंपाकाच्या खोलीत जमिनीवर दोन विटा ठेवलेल्या. त्यांच्यावर आडवी बोकडाची नळी. आणि नळीवर कुंदा उभी. अनवाणी, एक हात भिंतीला. मी बघत असताना तिनं तो हातही काढून घेतला. टाचा थोड्या उचलल्या आणि दाणकन खाली आपटल्या. परत आपटल्या.

“अण्णा, ही मोडत नाही.”

“उतर, पडशील.”

“बोकड माणसापेक्षा लहान असतं ना?”

“हो.”

“मग आईचं कसं मोडलं?”

मी नेहमीचं बोलायला तोंड उघडलं, की मोरीत पाय घसरला आणि ती जोरात आपटली. तिनं मध्येच तोडलं.

“आई मोरीत पडलीच नव्हती.”

ती नळीवरून उतरली नाही. तिथंच उभी राहून बोलत राहिली, भिंतीकडं बघत. त्या संध्याकाळी आईचा पाय फार दुखत होता. रोजच्यासारखी ती पालथी झोपली आणि कुंदा तिच्या पायांवर उभी राहून पाय चेपत होती. आमच्याकडं सगळीच लेकरं मोठ्यांच्या पाठीवर, पायांवर अशी चालतात, खिडकीचा गज धरून. मोठ्या माणसांना बरं वाटतं. मीही कामावरून आल्यावर तिला पाठीवर चालायला लावायचो.

“आई म्हणाली, मांडीवर उभी राहा जरा, तिथं ठणकतंय. मी राहिले. मग आवाज झाला.”

“कसला?”

“काटकी मोडल्यासारखा.” ती म्हणाली. “आई ओरडली नाही. म्हणाली, उतर बाळ. मग हातांवर सरकत सरकत मोरीपाशी गेली. लई वेळ लागला तिला. मला म्हणाली, तांब्यानं माझ्या साडीवर पाणी ओत. मी ओतलं. म्हणाली, आता पळत जा आणि अण्णांना सांग, आई मोरीत पडली. दुसरं काही कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली.”

मी त्या दिवशी पळत आलो तेव्हा शालन मोरीच्या काठाशी भिजलेली पडली होती. तोंड पांढरंफटक. मला बघून म्हणाली, मेला पाय घसरला बघा.

मी जमिनीवर बसलो. कुंदाला म्हटलं, इथं ये. ती आली नाही. मग मी बसल्या जागेवरूनच सांगितलं. मिरजेचे डॉक्टर, तो फोटो, हाडातले काळे डाग. आजाराचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं, ते अकरा वर्षांच्या पोरीपुढं.

ती फडताळाकडं गेली. बरणीतलं हाड काढून तिनं दोन्ही टोकं धरून वाकवलं. ते वाकलं, धनुष्यासारखं. “असं झालं होतं?”

“आतलं बळ गेलं होतं, असंच.”

“पण हे वाकतंय. आईचं मोडलं.”

मला तिच्याएवढं कळत नव्हतं. मी म्हणालो, मग त्या जळलेल्यासारखं झालं असेल. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की कूस बदलतानासुद्धा मोडू शकतं.

“कूस बदलताना?”

“हो. नुसतं उठतानासुद्धा.”

“माझ्या वजनानं नाही?”

“बोकडाच्या नळीवर तू उड्या मारल्यास. मोडली का?”

तिनं मान हलवली.

“माझी चूक आहे, कुंदा,” मी म्हणालो. “मी तुझ्या आईला खरं सांगितलं असतं तर तिनं तुला पायावर उभंच केलं नसतं. मी बोललो नाही. तुझं यात काही नाही.”

ती हाड हातात धरून उभी राहिली. व्हिनेगर तिच्या कोपरावरून खाली ठिबकत होतं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, “आईला नंतर कळलं होतं का? की माझ्यामुळं नाही म्हणून?”

शालन तीन महिने त्या खोलीत पडून होती. रोज मला विचारायची, कुंदा जेवली का. पोरीला कुणी काही बोलू नका, म्हणायची. ती कधी उदास दिसली की शालन तिला जवळ बोलावून केस विंचरायची, पडल्या पडल्या, हात दुखेपर्यंत. मी समजत होतो, आईचा जीव आहे. गोळ्यांची पुडी हातात देताना मी रोज तिला कॅल्शियम कॅल्शियम सांगत होतो. आणि ती रोज मोरीचं धरून होती. एक शब्द मी बोललो असतो तर तिच्या जिवाचा घोर गेला असता.

“हो,” मी म्हणालो.

“कधी सांगितलं?”

“दवाखान्यात. दुसऱ्याच दिवशी.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, बरं झालं सांगितलंत. मला उगाच घोर लागला होता.”

कुंदानं हाड बरणीत परत ठेवलं. झाकण लावलं. हात परकराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. मग कलली. तिनं सगळा भार माझ्या अंगावर टाकला आणि डोळे मिटले. तेव्हा कुठं ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. पाठीचे मणके बोटांना लागत होते.

सासूबाई कधी येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या, कळलं नाही. त्यांनी थोडं ऐकलं होतं. कुंदा मावशींकडं बाळाला बघायला जाते म्हणून बाहेर गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, सगळं सांगा. मी सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पदरानं तोंड पुसत राहिल्या. मी त्यांची लेक गेल्यानंतरही साडेतीन महिने त्यांना फसवलं होतं, त्याबद्दलही अवाक्षर काढलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

“माझ्या लेकीला ठावं हुतं का?”

त्यांच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. “नाही,” मी म्हणालो.

“आन् पोरीला काय सांगितलंसा?”

“माहीत होतं म्हणून.”

मोरीत नळाचं पाणी ठिबकत होतं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाराशी गेल्या, कुंदाच्या बोचक्याची गाठ सोडली आणि एक एक कपडा काढून परत दोरीवर टाकला.

“मंग त्येच ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. “म्या बी त्येच सांगीन.”

दुपारच्या गाडीनं त्या एकट्याच गेल्या. शेंगा आणि गूळ ठेवून गेल्या.

कुंदाला प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. खडूवाल्या मुलीला मिळालं. त्याचं तिला काही वाटलं नाही. उन्हाळ्यापर्यंत ती दीड भाकरीवर आली.

सासूबाईंना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांनी शेवटपर्यंत कुंदापुढं तोंड उघडलं नाही. आता ते माहीत असलेला मी एकटाच. कुंदा कराडला दिली आहे, तिची मुलगी चौथीत आहे. परवा दोघी आल्या होत्या. रात्रीची जेवणं झाल्यावर शालनचा विषय निघाला, तिच्या आजाराचा, तिच्या अंथरुणावरच्या दिवसांचा. कुंदा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “आईला निदान तेवढं माहीत होतं, अण्णा. तेवढं एक बरं झालं.”

मी हो म्हटलं.